वाढीव पगाराचा ताशी हिशेब

पगारवाढीची बोलणी आपल्याकडे महिन्याच्या आकड्यात होतात. नवी नोकरी लागली की घरचे, शेजारचे, नात्यातले सगळे एकच विचारतात : हातात किती येणार? त्या रकमेसाठी माणूस रोज किती तास घराबाहेर राहणार, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर 'प्रवास काय, सगळ्यांनाच आहे' असे म्हणून विषय संपतो. मुंबई महानगरात तो इतक्या सहज संपवू नये, असे माझे म्हणणे आहे. कर्जत, कसारा, विरार, डहाणू या टोकांकडून रोज शहरात येणाऱ्या चाकरमान्यांनी दूरच्या नोकरीचा वाढीव पगार ही प्रवासाच्या जादा तासांची मजुरी आहे असे समजून तो मोजून पाहावा. तसा मोजला, तर पाच-दहा हजारांची वाढ म्हणून आपण जी आनंदाने स्वीकारतो, तिचा दर पुष्कळदा लाज वाटावी इतका कमी निघतो.

एक उदाहरण घेऊ. बदलापुरात राहणारा एक अकाउंटंट आहे असे समजा. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात त्याला ३५ हजार मिळतात आणि जायला-यायला मिळून तासभर लागतो. लोअर परळच्या एका कंपनीने त्याला ४५ हजार देऊ केले. बदलापूरपासून सीएसएमटी ६८ किलोमीटर. शेअर रिक्षाने स्टेशन गाठायचे, फास्टची वाट पाहायची, दादरला उतरून गर्दीतून पूल चढायचा, पश्चिम रेल्वेची स्लो पकडायची, लोअर परळला पुन्हा पूल आणि मग चालत ऑफिस. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत सव्वादोन तास सहज जातात. म्हणजे जाऊन-येऊन साडेचार तास, आधीपेक्षा रोज साडेतीन तास जास्त. महिन्याचे २४ दिवस धरले तर ८४ तास. दहा हजारांतून पास, रिक्षा, बाहेरचे खाणे असा अडीच हजारांचा जादा खर्च वजा केला, की ८४ तासांचे साडेसात हजार उरतात, म्हणजे तासाला ८९ रुपये. ऑफिसातल्या नऊ तासांचा त्याचा नवा दर मात्र तासाला २०८ रुपये आहे. कायद्याप्रमाणे कारखान्यातल्या कामगाराला जादा कामाचे पैसे दुप्पट दराने द्यावे लागतात. 'महिन्याला नऊ दिवसांहून जास्तीचे काम कर, पण निम्म्याहून कमी दराने,' असे कोणी या माणसाला तोंडावर सांगितले असते, तर त्याने ते तिथल्या तिथे नाकारले असते. अंबरनाथला त्याच्या कामाचा दर तासाला १६२ रुपये पडतो. निदान त्याच दराने प्रवासाचे तास भरून निघायचे असतील तर त्याला ५१ हजार मिळायला हवेत. वाटाघाटीला बसताना त्याच्या डोक्यात हा आकडा नसतो, कारण तो कोणी काढलेलाच नसतो.

तो न काढण्यामागे इतिहास आहे. कामाचे तास म्हणजे कारखान्याच्या फाटकाच्या आतले तास, ही व्याख्या ज्या काळात पक्की झाली, त्या काळात मुंबईचा कामगार फाटकाजवळच राहत होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा गिरणगावातला बहुतेक कामगार चाळीतून चालत कामावर जाई आणि भोंगा झाला की चालत घरी येई. त्याचे गिरणीतले तास भयंकर होते, पण प्रवासाचा वेगळा जाच त्याला नव्हता. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, त्यांच्या जमिनींवर ऑफिसांचे टॉवर आले, आणि आता गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना सरकार घरे देऊ करते आहे ती शेलू आणि वांगणीला, बदलापूरच्याही पुढे. काम आणि घर यांच्यामध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटर आले, तरी कायद्यातली मोजणी फाटकापाशीच थांबलेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर, तर दुकाने व आस्थापनांतली नऊवरून दहा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याची कमाल मर्यादा तीच आहे आणि जादा कामाचा मोबदला मिळेल, हे खरे. पण दहा तास काम आणि साडेचार तास प्रवास करणाऱ्याच्या दिवसात काय उरते, याचा विचार या बदलात कुठे दिसत नाही.

शिवाय हे तास कसे जातात, तेही पाहिले पाहिजे. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसे उभी असतात. चौथ्या सीटवर अर्धे टेकायला मिळाले तरी नशीब समजायचे. बसायला मिळावे म्हणून कित्येक जण आधी उलट्या दिशेने दोन-चार स्टेशने जाऊन तीच गाडी पकडतात, म्हणजे प्रवास सुसह्य व्हावा म्हणून तो आणखी लांबवतात. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान एकमेकींजवळून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले किमान चार जण दगावले. त्या दिवशी देशभर बातमी झाली. पण मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांत धावत्या गाडीतून पडून मरणारे शेकड्यांनी असतात. दहा हजारांच्या वाढीव पगारात हा धोकाही आहे. पगाराच्या स्लिपवर त्याची ओळ नसते.

माणूस पगाराला सरावतो तसा रोजच्या प्रवासाला सरावतो का? ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या स्वित्झर्लंडमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या अनेक वर्षांच्या कुटुंब पाहणीच्या आधारे हा प्रश्न तपासला. लांबचा प्रवास करणाऱ्याला जास्त पगार किंवा चांगले घर मिळून त्याची भरपाई होत असणार, असे अर्थशास्त्र गृहीत धरते. त्यांच्या २००८ मध्ये छापलेल्या निबंधात उलटे दिसले : प्रवासाचा वेळ जसा वाढतो, तसे माणसे आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असल्याचे सांगतात. डॅनिएल काह्नेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाची नोंद करायला लावली, तेव्हा सकाळचा कामावर जाण्याचा वेळ सर्वांत नकोशा वेळांत निघाला. ब्रिटनमधल्या पाहणीवर नंतर झालेल्या अभ्यासात एकूण समाधानावर एवढा ठळक परिणाम आढळला नाही, हेही सांगायला हवे. पण यातला कोणताही अभ्यास सकाळच्या कर्जत लोकलमध्ये झालेला नाही. आपल्याकडची परिस्थिती त्याहून सौम्य आहे, असे मानायला काहीच आधार नाही. पगारवाढीचा आनंद दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतो आणि ती रक्कम हप्त्यात, शाळेच्या फीमध्ये मुरून जाते. गाडी मात्र आज वेळेवर येते, उद्या सिग्नल बिघडतो, परवा पावसात कुर्ल्याला पाणी भरते. जे रोज वेगळे त्रास देते, त्याची सवय होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की ही वाढ फक्त दहा हजारांची नसते. मोठ्या कंपनीत गेले की ओळखी होतात, काम मोठे मिळते, पाच वर्षांनी पगार दुप्पट होतो; अंबरनाथला बसून ते कधी होणार? या म्हणण्यात तथ्य आहे. पंचविशीतल्या मुलाने किंवा मुलीने खरोखर नवे काही शिकवणाऱ्या नोकरीसाठी दोन-तीन वर्षे हा प्रवास पत्करला तर ते शहाणपणाचे आहे. पण मग मुदत आधीच ठरवलेली असली पाहिजे आणि काम खरोखर वेगळे असले पाहिजे. तेच व्हाउचर, तेच जीएसटीचे रिटर्न लोअर परळच्या एसीत बसून भरायचे असतील, तर त्याला बढतीची वाट म्हणण्यात अर्थ नाही. आणि पुढे जाण्यासाठी सीएची, एमबीएची किंवा खात्यांतर्गत परीक्षा द्यायची, तर संध्याकाळी डोके शाबूत असलेले दोन तास हवेत. पावणेनऊला घरात पाऊल टाकणाऱ्याकडे ते कुठून येणार?

दुसरा आक्षेप : गाडीतला वेळ फुकट जात नाही. डब्यात ग्रुप असतात, भजनी मंडळे असतात, वाढदिवस होतात, कोणी पुस्तक वाचतो, कोणी मोबाइलवर सिनेमा पाहतो. त्या मैत्रीचे मोल मी कमी लेखत नाही. अडीअडचणीला डब्यातला माणूस नातेवाइकाआधी धावून येतो. पण माणसांनी वाईट परिस्थितीतून काढलेली ही वाट आहे, तिला प्रवासाचा फायदा म्हणता येत नाही. संध्याकाळच्या लेडीज डब्यात बसायला मिळालेली बाई पिशवीतून मेथीची जुडी काढते आणि मांडीवर कागद पसरून डोंबिवली येईपर्यंत पाने खुडते. बघणाऱ्याला ते दृश्य प्रेमळ वाटते. प्रत्यक्षात घरी पोहोचल्यावरची अर्धा तासाची धावपळ कमी करण्यासाठी ती गाडीत दुसरी पाळी सुरू करत असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८. साडेचार तासांच्या प्रवासाचा भार दोघांवर सारखा पडत नाही, हे यातून उघड आहे. पुरुषाने दूरची नोकरी धरली, की मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषध, सोसायटीचे पाणी हे सगळे बायकोच्या वाट्याला येते आणि जवळच्या कमी पगाराच्या नोकरीवर समाधान मानायची वेळही बहुधा तिच्यावरच येते. घराच्या हिशेबात म्हणूनच नवऱ्याच्या वाढीतून बायकोची बुडालेली कमाई वजा केली पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. निवड आहे कोणाकडे? शहरात भाडे परवडत नाही म्हणून लोक बदलापूर-विरारला गेले आणि तिकडे पुरेशा नोकऱ्या नाहीत म्हणून रोज परत येतात. ज्याच्या हातात एकच नोकरी आहे, त्याला ताशी हिशेब शिकवणे क्रूरपणाचे होईल. माझा हिशेब त्याच्यासाठी नाही, तो त्याच्या मालकासाठी आणि सरकारसाठी आहे. जपानमध्ये कर्मचाऱ्याच्या प्रवासाचे भाडे कंपनीने देण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले, की घरून कामावर जाताना झालेला अपघात, नोकरीशी वेळेचा व जागेचा संबंध दिसत असेल तर, नोकरीच्या ओघातला मानता येईल. खटला धाराशिवकडच्या एका साखर कारखान्यातल्या पहारेकऱ्याचा होता. पहाटे तीनच्या पाळीला निघालेला तो माणूस वाटेत गेला. २००३ चा अपघात, निकाल २०२५ चा. उशिरा का होईना, कामावर जाणे हा कामाचाच भाग असू शकतो, हे न्यायालयाने मान्य केले. कंपन्यांनी एवढे तरी मान्य करावे, की सकाळी साडेनऊला हजेरी लावण्याचा हट्ट कर्मचाऱ्याला नेमक्या सर्वांत भरलेल्या गाडीत ढकलतो. मध्य रेल्वेने मुंबईतल्या कार्यालयांना वेळा पुढेमागे करण्याची विनंती केली आहे. ती मनावर घ्यायला पूल बांधावा लागत नाही आणि निविदाही काढावी लागत नाही. ज्या कामांसाठी कोविडच्या काळात घरचा लॅपटॉप पुरला, त्यांच्यासाठी आठवड्याचे दोन दिवस घरून काम दिले तर वरच्या उदाहरणातले साडेचार तास आठवड्यातून दोनदा वाचतात, आणि त्यासाठी कंपनीला पगारात एक रुपयाही वाढवावा लागत नाही.

ज्यांच्या हातात दोन नोकऱ्या आहेत, त्यांना मात्र माझी विनंती आहे. ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी त्या वेळेच्या गाडीने त्या ऑफिसपर्यंत आठवडाभर जाऊन-येऊन पाहा. रविवारी नाही, कामाच्या दिवशी. जादा तास मोजा, जादा खर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेला तासांनी भागा. घरातल्या सगळ्यांसमोर तो आकडा ठेवा, कारण जाणारे तास त्यांचेही आहेत. मग कंपनीकडे पैसे वाढवून मागा, वेळ बदलून मागा, घरून कामाचे दिवस मागा. यातले काहीच मिळत नसेल, नवे शिकायलाही मिळणार नसेल आणि प्रवासाचा तास आजच्या तुमच्या दराच्या खालीच राहत असेल, तर ती नोकरी नाकारा.