हंगाम संपल्यावर तपासणार कोण?

बीडच्या ऊसतोड बायकांची मोजदाद एकदा झाली. 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी जिल्ह्यातल्या 82,309 जणींची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. राज्यभर खळबळ माजली, शस्त्रक्रियांवर बंधनं आली. पण चर्चा पिशवीपाशीच थांबली.

मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना या बायकांची लघवीही निसटते. खोकलं, शिंकलं, ओझं उचललं की निसटते. फडात आडोसा नाही, कोपीला न्हाणी नाही, ओलं लुगडं अंगावरच वाळतं. खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून बाई पाणी कमी पिते आणि कामावर उभी राहते. लहान वयातली बाळंतपणं आणि जन्मभराची ओझी यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. त्यात पिशवी काढलेली असेल तर धोका आणखी वाढतो. स्वीडनमध्ये पिशवी काढलेल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. इतर स्त्रियांच्या तुलनेत त्यांना पुढे लघवी निसटण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये 2007 सालीच छापून आला आहे.

लघवी निसटण्यावर आता इंजेक्शन आहे. मूत्रमार्गाच्या अस्तराखाली जेल भरून मार्ग आवळायचा. टाका नाही, जागा बधिर करून काही मिनिटांत काम होतं. ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही अशांना त्याचा खरोखर उपयोग आहे. पण त्याचा इतिहास सावध करणारा आहे. आधी टेफ्लॉन भरत. त्याचे कण शरीरात दूरवर सरकू लागले. मग 1993 पासून अमेरिकेत गाईचं कोलॅजन आलं. ते शरीरात विरघळे, पुन्हापुन्हा टोचावं लागे, आणि अखेर ते बाजारातून गेलं. आजचं पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड जेल विरघळत नाही आणि काही स्त्रियांना वर्षानुवर्षं आराम देतं. तरीही फिनलंडमध्ये मूत्रमार्गाखाली शस्त्रक्रियेने बसवायची जाळीची टेप आणि हे जेल यांची थेट तुलना झाली, तेव्हा वर्षअखेर टेपवाल्यांपैकी 95 टक्के स्त्रिया समाधानी होत्या, जेलवाल्यांपैकी सुमारे 60 टक्के. अनेकींना जेल दुसऱ्यांदा भरून घ्यावं लागलं. टेपचेही दुष्परिणाम आहेत. जाळीच्या दुखण्यांमुळे ब्रिटनने 2018 मध्ये तिचा वापर रोखला.

म्हणजे या उपचाराचा निकाल टोचल्या दिवशी लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाईला बोलावून विचारावं लागतं. जी दिवाळीनंतर सांगलीला किंवा कर्नाटकात तोडीला जाते आणि उन्हाळ्यात परतते, तिला कोण बोलावणार? पिशवीच्या वेळी कुणी बोलावलं होतं? एकदा पैसे भरून घ्यायचे आणि पुढचं तिच्या नशिबावर सोडायचं, ही रीत या जिल्ह्याने भोगली आहे. इंजेक्शन तर या रीतीत फारच सहज बसतं.

आणि मुळात पहिला उपाय इंजेक्शन नव्हेच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, जाणकाराच्या देखरेखीखाली निदान तीन महिने, हा जगभर मान्य असलेला पहिला उपाय आहे. त्याला औषध लागत नाही, शिकवणारी बाई लागते. हंगामाआधी आणि हंगामानंतर ऊसतोड महिलांच्या तपासण्या होतात, त्यांत ‘खोकताना लघवी निसटते का?’ हा प्रश्न आशाताईंनी विचारायला हवा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाने गावोगावच्या आशाताईंना आणि परिचारिकांना हा व्यायाम शिकवावा. बायका गावी असतात ते पावसाळ्याचे महिने त्यासाठी पुरतात. त्यानंतरही ज्यांना टोचावं लागेल, त्यांच्या कार्डावर कोणतं जेल, किती आणि कधी भरलं हे मराठीत लिहिलेलं असावं. कारखान्याच्या गावी त्रास झाला तर तिथल्या डॉक्टरला ते वाचता यायला हवं.