शिसपेन्सिलींतील काळें द्रव्य

विद्यार्थ्यांच्या दप्तरांतील शिसपेन्सिलींत शिसें मुळींच नसतें, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. तींत जें काळें द्रव्य असतें तें ग्रॅफाइट होय. तें शिशाचाच एखादा प्रकार असावें, या जुन्या समजुतीनें हें नांव पडलें. पुढें १७७९ सालीं शेले या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञानें तें कार्बनाचें एक रूप, अर्थात् हिऱ्याचें सख्खें भावंड आहे, असें दाखविलें. तरी नांव राहिलें तें राहिलेंच. हिरा राजमुकुटांत बसला, ग्रॅफाइट मात्र सुताराच्या कानावर!

वस्तुतः त्याच्या अंगचे गुण थोडे नाहींत. त्याचे पापुद्रे एकमेकांवर सैल रचलेले असल्यामुळें तें कागदावर उमटतें व यंत्रांत वंगणाचें काम देतें. प्रखर उष्णता तें सोसतें, म्हणून धातु वितळविण्याच्या मुशी त्याच्या करितात. धातु नसूनही तें वीज वाहून नेतें, व पापुद्र्यांमध्यें लिथियमचे कण सामावून घेतें. म्हणून मोबाइल फोन व विजेच्या मोटारी यांच्या बॅटरींत त्याची योजना होते. वजनानें पाहतां तेथें लिथियमपेक्षां ग्रॅफाइटच अधिक, परंतु नांव होतें लिथियमचें!

झारखंड, ओडिशा, तामिळनाडू व अरुणाचल प्रदेश येथें हें खनिज आहे. भारत सरकारनें २०२३ सालीं जीं ३० खनिजें अत्यंत महत्त्वाचीं ठरविलीं, त्यांतही तें आहे. एवढ्यानें आपण श्रीमंत झालों असें मानणाऱ्यांशीं माझा मतभेद आहे. बॅटरीकरितां हें खनिज दळून, त्याचे कण वाटोळे करून, शेंकडा ९९.९५ इतकें शुद्ध करावें लागतें. आणि हें काम बहुतांशीं एकट्या चीनमध्यें चालतें. १ डिसेंबर २०२३ पासून त्या देशानें अशा मालाच्या निर्यातीस परवाना आवश्यक करतांच इतर राष्ट्रें चिंतेंत पडलीं.

असा प्रसंग पूर्वींही आला होता. इंग्लंडांतील बॉरोडेल येथें इतकें निर्मळ ग्रॅफाइट निघे कीं, तें करवतीनें कापून पेन्सिली करीत. फ्रान्सचें इंग्लंडशीं युद्ध जुंपलें व हा माल मिळेनासा झाला, तेव्हां कोंते नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें हलक्या ग्रॅफाइटाची भुकटी चिकणमातींत मळून भट्टींत भाजली. १७९५ सालीं त्यास या कृतीचें पेटंट मिळालें. बॉरोडेलची खाण बंद पडून शतकाहून अधिक काळ लोटला; कोंतेची कृति अद्याप जगभर चालू आहे.

आपणांसही खाणीपेक्षां कृतीचीच उणीव अधिक आहे. शुद्धीकरणाची रूढ रीत हायड्रोफ्लुओरिक आम्लाची. हें आम्ल कातडींतून हाडापर्यंत पोंचतें, व सांडपाण्यांत गेलें तर नदी नासवितें. केवळ उष्णतेनेंही शुद्धि होते, पण तिला वीज अतोनात लागते. ज्या गांवाजवळ असा कारखाना निघेल, तेथील पालकांनीं नोकऱ्या किती मिळतील हें अवश्य विचारावें; परंतु त्याआधीं सांडपाणी कोठें जाणार, हें विचारावें. आणि सरकारनें खाणींवर खर्च करावयाच्या पैशांतील मोठा वांटा महाविद्यालयांच्या रसायनशाळांस द्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे.