परदेशी पदवीधर, सनदेची परीक्षा आणि आपण

परदेशातील विद्यापीठांतून वैद्यकाची पदवी घेऊन परतलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची जी चाळणी परीक्षा राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळ वर्षातून दोन वेळा घेते, तिचा निकाल जाहीर झाला की आपल्या व्यवसायबंधूंच्या बैठकींत बहुधा दोनच उद्गार कानी पडतात : ही मुले मुळातच कच्ची असतात, हा एक, आणि ही परीक्षाच अन्यायाची आहे, हा दुसरा. एफएमजीई या नावाने सर्वपरिचित असलेल्या या परीक्षेत बहुतेक सत्रांत निम्म्याहून कितीतरी अधिक उमेदवार अनुत्तीर्ण होतात, ही वस्तुस्थिती दोन्ही पक्ष आपापल्या मताच्या पुष्ट्यर्थ पुढे करतात आणि तेथेच थांबतात. या उमेदवारांची तयारी नेमकी कोठे चुकते, आणि ती सुधारण्यात सनदधारक वैद्यांचा काही वाटा असू शकतो काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो; म्हणून या अंकात आम्ही तो मुद्दाम हाती घेत आहोत.

परीक्षेचे स्वरूप आधी नीट पाहिले पाहिजे, कारण पुष्कळसा अनर्थ ते न पाहिल्यामुळे घडतो. 2002 च्या विनियमांनी सुरू झालेली ही परीक्षा 300 प्रश्नांची, 150-150 प्रश्नांच्या दोन भागांची असून प्रत्येक भागास अडीच तासांची मुदत असते. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत आणि 150 गुण मिळविणारा उत्तीर्ण ठरतो. येथे गुणानुक्रमाची चढाओढ नाही, जागांची टंचाई नाही. शेजारी बसलेला उमेदवार कितीही हुशार असला तरी आपले त्यात काहीच बिघडत नाही. असे असता पदव्युत्तर प्रवेशासाठी लिहिलेले जाडजूड संग्रह, त्यांतील दुर्मिळ व्याधींचे आणि विरळा विकरांचे तपशील, ही मुले महिनोन्‌महिने घोकीत बसतात. वास्तविक 300 गुणांपैकी 200 गुण रुग्णोपचाराशी संबंधित विषयांना आहेत. त्यांतही सामाजिक वैद्यकास, म्हणजे विद्यार्थी ज्याला 'पीएसएम' म्हणतात त्या विषयास, 30 गुण आहेत, प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र या दोहोंना मिळून आहेत तितकेच. शरीररचनाशास्त्राच्या वाट्याला 17 गुण येतात.

या 30 गुणांवर थोडे थांबणे इष्ट आहे, कारण परदेशी शिक्षणाची उणीव जितकी येथे उघडी पडते तितकी अन्यत्र पडत नाही. जॉर्जियात किंवा किर्गिझस्तानात शिकलेल्या मुलीस हृदयाच्या झडपांचे आजार कदाचित उत्तम समजावून दिलेले असतील. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानी प्रदेशात 30,000 आणि डोंगरी वा आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे का असावे, क्षयरोग्याची नोंद कोठे व्हावयाची, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळाला कोणत्या लसी द्यावयाच्या, हे तिला तेथे कोणी शिकविणार नाही, आणि शिकवावे अशी अपेक्षाही रास्त नव्हे. मग ती हे सारे कोष्टकांतून पाठ करते, आणि कोष्टके परीक्षेच्या दिवशी एकमेकांत मिसळतात. तीच मुलगी एका सकाळी एखाद्या उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी उभी राहिली तर काय घडते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. आरोग्यसेविका लसवाहक डबा उघडते, बर्फाच्या चार पिशव्यांच्या मधून कुपी बाहेर काढते, आणि सुई लावण्यापूर्वी कुपीवरील वर्तुळातल्या लहानशा चौकोनाकडे निरखून पाहते : चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरावयाची, दोहोंचा रंग एक झाला असेल अथवा चौकोन अधिक गडद दिसत असेल तर ती कुपी बाजूस ठेवावयाची. याच चित्रावर परीक्षेत प्रश्न येतो. ज्या उमेदवाराने ती कुपी स्वतःच्या बोटांत धरून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली आहे, त्याला ते चित्र पाठ करावे लागत नाही.

हेच तत्त्व विषबाधेच्या प्रकरणांना अधिकच लागू पडते. विंचूदंशावर प्राझोसिन द्यावयाचे, हे उत्तर प्रत्येक टिपणवहीत सापडते, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात रुग्णांच्या उशाशी बसून हे औषध प्रस्थापित केले, हे त्या वहीत बहुधा नसते. एका तालुक्याच्या गावी, रात्री अकराच्या सुमारास, लाल विंचू चावलेल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आली, तेव्हा परीक्षेची तयारी करणारी एक पदवीधर तरुणी निरीक्षक म्हणून तेथे हजर होती. "पोराचं अंग थंडगार पडलंय, डॉक्टर," एवढेच ती माउली पुनःपुन्हा सांगत होती. मुलगा घामाने भिजला होता, उलट्या होत होत्या, हातपाय गार पडले होते, आणि नाडी इतकी वेगाने धावत होती की ती मोजणे कठीण व्हावे. वजन करून गोळीचा अंश देण्यात आला, आणि परिचारिकेने आईला बजावून सांगितले, "आता त्याला उचलून घ्यायचं नाही, बाई, आडवाच राहू दे." औषधाने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, हे औषधशास्त्रातील वाक्य त्या तरुणीने अनेकदा वाचले असेल, त्या रात्री तिने त्याचे कारण विचारले, ते समजावून घेतले, आणि दर तीन तासांनी मुलाचे पाय चाचपून पाहिले, पहाटे ते उबदार लागेपर्यंत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशलक्षणांतील भेद असोत, किंवा 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतमजुरांवर जी आपत्ती ओढवली तशा कीटकनाशकबाधेत ॲट्रोपिन कोठवर द्यावयाचे हा निर्णय असो, आपल्या मुलखाचे हे वैद्यक आपल्याच मुलखात पाहावे लागते.

वाचन अनावश्यक आहे, असे आमचे म्हणणे नाही. वाचनाच्या रीतीविषयी मात्र चार शब्द लिहिणे प्राप्त आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, एकच मजकूर पुनःपुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी तो अधिक चांगला आठवला. परंतु आठवड्यानंतर, वाचन थांबवून स्वतःची परीक्षा घेणारे त्यांच्या पुढे गेले. दिल्लीच्या गौतमनगरातील अभ्यासिकांत रंगीत लेखण्यांनी अधोरेखित केलेली पाने रोज उलटून समाधान मानणाऱ्यांनी याची दखल घ्यावी. प्रश्नसंग्रह सोडवावेत, पण चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तो का चुकला, अज्ञानामुळे, घाईमुळे की दोन विकल्पांतील भेद न कळल्यामुळे, याची एका ओळीची नोंद ठेवावी. महिनाअखेर ती वही वाचली म्हणजे आपली खरी दुर्बलता कोणत्या विषयात आहे ते कोणत्याही शिकवणीवर्गापेक्षा स्पष्टपणे कळते. आणि निदान शेवटच्या दोन महिन्यांत अडीच-अडीच तासांच्या दोन बैठका एकाच दिवशी, मधल्या विश्रांतीसह, नेमाने द्याव्यात. दुसऱ्या बैठकीत येणारा थकवा हा सरावानेच कमी होणारा आहे. मागील सत्रातील आठवलेल्या प्रश्नांचे जे चोपडे विकले जातात, त्यांत उत्तरेही पुष्कळदा चुकीची असतात, म्हणून त्यांपासून दूर राहिलेले बरे.

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. यांतील पुष्कळ मुलांचे आईबाप शेतजमीन गहाण टाकून किंवा भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढून त्यांना परदेशी धाडतात. 2021 च्या विनियमांनुसार 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि तेथील बारा महिन्यांची आंतरवासिता संपवून आलेला हा पदवीधर परीक्षेत एकदा-दोनदा अडखळला की त्याची घरात आणि गावात फार विचित्र अवस्था होते : लोक त्याला डॉक्टर म्हणतात आणि कायदा म्हणत नाही. या अवस्थेचा फायदा घेऊन काही खाजगी रुग्णालये अशा सनद नसलेल्या मुलांना तुटपुंज्या मोबदल्यावर रात्रपाळीचे आरएमओ म्हणून राबवितात आणि रुग्णांचा भार त्यांच्यावर टाकून मोकळी होतात. हे बेकायदा आहे, रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचे आहे, आणि त्या मुलाची अभ्यासाची शक्ती शोषून घेणारे आहे. आपल्या व्यवसायाने याचा निःसंदिग्ध निषेध केला पाहिजे.

त्याऐवजी काय करता येईल, तेही सांगतो. आठवड्यातून दोन सकाळी अशा एका उमेदवाराला आपल्या ओपीडीत शेजारी खुर्ची द्यावी. रुग्णाची संमती घेऊन त्याने केवळ वृत्तान्त ऐकावा, तपासणी पाहावी. औषधाची चिठ्ठी लिहू नये, सुई टोचू नये, कागदावर सही करू नये. रुग्ण गेल्यावर पाच मिनिटे त्याला विचारावे : निदान काय, दुसरे काय असू शकले असते, आणि प्रथम काय केले असते? शक्य असल्यास तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून एखाद्या लसीकरण सत्रास हजर राहण्याची रीतसर परवानगी त्याला मिळवून द्यावी. या कामी खर्च नाही, केवळ थोडा वेळ आणि पुष्कळशी आस्था लागते. 2019 च्या कायद्याने योजिलेली सामाईक 'नेक्स्ट' परीक्षा अमलात आली म्हणजे आपल्याच महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही हाच उंबरठा ओलांडावा लागेल. तेव्हा ही सवय आपल्याला लागलेली असेल तर ती त्यांच्याही उपयोगी पडेल.

पुढील अंकापासून प्रतिमास एक रुग्णवृत्तान्त या उद्देशाने देण्याची तजवीज आम्ही केली आहे. विंचूदंश, सर्पदंश, कीटकनाशकबाधा, क्षय, कुष्ठ, बालकांचे अतिसार, गर्भिणींचा रक्तक्षय, असे आपल्या नित्य पाहण्यातले विषय असावेत. मजकूर दोन पृष्ठांच्या आत, रुग्णाची ओळख पटणार नाही अशा रीतीने लिहिलेला आणि शेवटी पाच प्रश्न जोडलेला असावा. ज्यांना आपल्या दवाखान्यात एखाद्या उमेदवारास स्थान देणे शक्य आहे, त्यांनी आपले गाव, विषय आणि सोयीचे वार कार्यालयास कळवावेत. ती यादी आम्ही जिल्हावार छापू.