सोल्डरचा सांधा हाही दस्तऐवज असतो

🧵 थ्रेड

१/
ऐतिहासिक साधन म्हटले की ताम्रपट, शिलालेख, मोडी कागद डोळ्यांसमोर येतात. १९६४ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे तयार झालेली बेस गिटार सहसा येत नाही. परंतु तिच्या नॉबांखालचा पत्रा उचलला की आत जे दिसते, ते एखाद्या जुन्या दप्तराइतकेच बोलके असते. अशा जुन्या इलेक्ट्रिक बेसचे पिकअप-वायरिंग बदलावे की नाही, हा वादकांमधला नेहमीचा वाद आहे. तो इतिहासाच्या अभ्यासकांचाही वाद का आहे, याविषयी हा थ्रेड.

२/
इलेक्ट्रिक बेस हे तसे तरुण वाद्य. लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्याआधी वाद्यवृंदातील खर्जाची जबाबदारी माणसाहून उंच अशा डबल बेसवर असे. ड्रम आणि ट्रम्पेटच्या गलक्यात तो बुडून जाई, आणि त्याला गावोगाव वाहून नेणे म्हणजे शिक्षाच. फेंडर यांनी खर्ज गिटारच्या आकारात आणला, मानेवर फ्रेट बसवले. फ्रेटमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन'. १९६० साली दोन पिकअपचा 'जॅझ बेस' आला. 'विंटेज' म्हणून आज जे बेस जपले जातात, त्यांत या दोन जातींचा मान मोठा आहे.

३/
यांची अंतर्गत रचना थक्क व्हावे इतकी साधी आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वाद्याची पोलादी तार कंप पावली की कॉइलमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो व्हॉल्यूम आणि टोन या नॉबांमार्फत बाहेर पडतो. नॉबखाली पोटेन्शिओमीटर असतो, बोलीत 'पॉट': सामान्यतः २५० किलोओहमचा, कमीजास्त करता येणारा रोध. टोनच्या पॉटला एक कपॅसिटर जोडलेला असतो. नॉब बंद करत नेला की वरच्या कंपनसंख्या या कपॅसिटरमार्गे अर्थिंगकडे निघून जातात. स्वराची धार मावळते आणि गोल खर्ज उरतो. बॅटरीही लागत नाही.

४/
मग बदल कशासाठी? जॅझ बेसचे दोन्ही पिकअप मुळात समांतर जोडलेले असतात. ते एकसरीत जोडले तर आवाज मोठा आणि भरदार होतो, धार मात्र कमी होते. एकच पिकअप वाजवला तर विजेची घुंई ऐकू येते. काहींना ती घालवायची असते. काहींना ०.०५ मायक्रोफॅरडऐवजी ०.१ चा कपॅसिटर हवा असतो, कारण नॉब पूर्ण बंद केल्यावर स्वर अधिक काळोखा होतो. काहींना बॅटरीवर चालणारा प्रीअॅम्प्लिफायर बसवायचा असतो. काहींचा पॉट नुसता खरखरतो. यांतली एकही मागणी वावगी नाही.

५/
प्रश्न उपस्थित होतो तो पुढे. त्या जुन्या पॉटच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. समजा, ३०४६३२० असा क्रमांक आहे. पहिले तीन अंक उत्पादकाचे: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन अंक वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. अर्थात हा पॉट स्टॅकपोल कंपनीत १९६३ सालच्या विसाव्या आठवड्यात तयार झाला. ज्या वाद्याची खरेदीपावती हरवली आहे, ज्याची मान केव्हातरी बदलली गेली आहे, त्याच्यासाठी हा आकडा कालनिर्णयाचा पहिल्या प्रतीचा पुरावा ठरतो.

६/
मात्र साधनचिकित्सेची जुनी शिस्त येथेही लागू पडते. हा आकडा पॉट कधी बनला ते सांगतो, बेस कधी बनला ते सांगत नाही. तो केवळ अलीकडची मर्यादा घालून देतो: वाद्य त्याआधीचे असू शकत नाही. फेंडर कंपनीने १९६६ च्या सुमारास पॉटचा मोठा साठा भरून ठेवला होता. त्यामुळे १९६६ चा आकडा असलेले पॉट पुढची काही वर्षे बनलेल्या वाद्यांतही सापडतात. एका आकड्यावर विसंबणारा अभ्यासक फसतो. पॉट, कपॅसिटरचा प्रकार, तारेवरचे कापडी वेष्टन, मानेच्या टोकावरची तारीख ही सारी एकमेकांशी ताडून पाहावी लागतात.

७/
आणि या सर्वांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे सोल्डरचा सांधा. कारखान्यातल्या कामगाराने घातलेला, कधीही न उकललेला सांधा एवढेच सांगतो की हे भाग पहिल्या दिवसापासून एकत्र आहेत. तो एकदा वितळवला की ही साक्ष संपते. नंतर तोच पॉट, तीच तार, तोच कपॅसिटर पुन्हा जोडला तरी ती नक्कलच ठरते. जुने पॉट आज सुटेही विकले जातात, आणि योग्य आकड्याचा पॉट अयोग्य बेसमध्ये बसवता येतो. अस्सल शिक्का बनावट कागदावर उमटवण्याचा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकांना नवा नाही.

८/
एवढे वाचून 'मग हातच लावू नये' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. संग्राहकांचा एक मोठा वर्ग हेच म्हणतो. हा निष्कर्ष इतिहासालाच धरून नाही.

९/
पहिले कारण: 'मूळ' रचना ही एक ठरीव गोष्ट कधी नव्हतीच. खुद्द फेंडर यांनी १९५१ चा एकसंध पिकअप १९५७ साली मोडीत काढून दोन तुकड्यांचा पिकअप आणला, ज्यात एका कॉइलची घुंई दुसरी कॉइल रद्द करते. १९६० च्या जॅझ बेसला प्रत्येक पिकअपसाठी एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते. एकदोन वर्षांत ते जाऊन दोन व्हॉल्यूम आणि एक सामाईक टोन अशी आज परिचित असलेली मांडणी आली. कारखान्याचा मालकच आपल्या वायरिंगवर समाधानी नव्हता.

१०/
दुसरे कारण: या वाद्याचा उत्तम इतिहास बदल करणाऱ्यांनीच घडवला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात जॅक कॅसडी आणि फिल लेश यांनी आपापले गिल्ड स्टारफायर बेस उघडून घेतले; त्यांत नवे पिकअप आणि अॅक्टिव्ह सर्किट बसले. त्याच वर्तुळातून अलेम्बिक ही कंपनी उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये रॉजर सॅडोस्की यांनी मार्कस मिलर यांच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये प्रीअॅम्प्लिफायर बसवला, आणि तो स्वर पुढच्या पिढीचा मानदंड झाला. जाको पास्टोरियस यांच्या १९६२ च्या जॅझ बेसचे तर फ्रेटच काढले गेले होते. हे बेस आज कोणी 'पूर्ववत' केले, तर तो इतिहासाचा विध्वंस ठरेल.

११/
यावर एक आक्षेप रास्त आहे. या लोकांनी वाद्ये उघडली तेव्हा ती पुराणवस्तू नव्हती. मिलर यांचा बेस तर जेमतेम काही वर्षांचा होता. 'विंटेज' ही जातच नंतर निर्माण झाली. सीबीएस या महामंडळाने १९६५ साली १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर कंपनी विकत घेतली. त्यानंतरच्या मालाविषयी नाराजी वाढली आणि 'सीबीएसपूर्व' वाद्यांना वेगळे मोल आले. १९७० च्या दशकात जो जुना बेस होता, तो आज मर्यादित संख्येने उरलेला पुरावा आहे. कृती तीच, पण तिचा परिणाम तोच राहिलेला नाही.

१२/
बदलाकडे पाहण्याची आणखी एक बाजू आहे. पॉल मॅकार्टनी यांचा १९६१ चा हॉफ्नर बेस १९७२ साली लंडनच्या नॉटिंग हिल भागात एका व्हॅनमधून चोरीला गेला. तो सापडल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. हॉफ्नरने त्या काळात असे बेस अनेक बनवले होते. मग हा तोच हे ओळखायचे कसे? १९६४ साली या बेसला नवा रंग देण्यात आला होता आणि त्याचे दोन्ही पिकअप एकाच लाकडी चौकटीत बसवले गेले होते. कारखान्याबाहेर झालेली ही दुरुस्तीच त्याची ओळखखूण होती. बदल हाही पुरावा असतो. अट एवढीच की त्याची नोंद किंवा छायाचित्र मागे उरलेले असावे.

१३/
व्हायोलिनचा इतिहास हाच धडा अधिक कठोरपणे शिकवतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या सभागृहांसाठी अधिक आवाज हवा म्हणून स्त्रादिव्हारीच्या बहुतेक व्हायोलिनांच्या माना बदलल्या गेल्या, आतली पट्टी अधिक भक्कम करण्यात आली. ते केले नसते तर ती आजच्या मैफलींत वाजलीच नसती. पण त्यांचे मूळ रूप कसे होते, हे कळायला फ्लॉरेन्समधील १६९० च्या मेदिची टेनर व्हायोलासारख्या न छेडलेल्या मोजक्या वाद्यांकडेच जावे लागते. बदललेल्या वाद्यांनी संगीत जिवंत ठेवले आणि न बदललेल्यांनी इतिहास. दोन्ही हवीत.

१४/
बेसच्या बाबतीतही हे घडून गेले आहे. फेंडर कंपनीने १९८२ साली १९५७ आणि १९६२ च्या नमुन्यांवर बेतलेली 'पुनर्निर्मित' वाद्ये काढली, तेव्हा आपलाच जुना माल मोजून, तपासून पाहण्याची वेळ तिच्यावर आली. निर्मात्यालाही अखेर शाबूत उरलेल्या वाद्यांचेच दार ठोठवावे लागले. ती कोणीतरी शाबूत ठेवली होती, म्हणून हे शक्य झाले.

१५/
आता स्वराच्या जादूविषयी. 'मूळ वायरिंग उकलले की १९६२ चा स्वर कायमचा जातो' ही समजूत भाबडी आहे. २५० किलोओहम असे छापलेल्या पॉटमध्ये २० टक्के फरक ग्राह्य धरला जाई. म्हणजे एका बेसमध्ये २०० आणि शेजारच्या बेसमध्ये ३०० असू शकत होते. '१९६२ चा स्वर' असा एकच स्वर नव्हताच. शिवाय टोनचा नॉब पूर्ण उघडा असताना कपॅसिटर ०.०५ चा की ०.१ चा, याने जवळपास काहीच फरक पडत नाही; मधला २५० किलोओहमचा रोध त्याला दूर ठेवतो.

१६/
मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांतला जेम्स जेमरसन यांचा खर्ज ज्या १९६२ च्या प्रिसिजनवर वाजला, त्यात खास वायरिंग नव्हते. होत्या त्या क्वचितच बदललेल्या गुळगुळीत वेष्टनाच्या जाड तारा, कंप दाबणारा फोमचा तुकडा आणि एकाच बोटाचा ठोका. जुना सांधा जपायचा तो त्यात जादू आहे म्हणून नव्हे. त्यात माहिती आहे म्हणून. बाजार या दोहोंची गल्लत करतो. त्याला सांध्यात किंमत दिसते, आणि जेथे किंमत दिसते तेथे बनावटही लवकरच येते.

१७/
तेव्हा सीमारेषा 'बदल' आणि 'जतन' यांच्यात ओढणे चुकीचे आहे. ती परत फिरता येणाऱ्या आणि न येणाऱ्या बदलांमध्ये ओढायला हवी. बॅटरीसाठी पटाशीने लाकूड कोरणे, खटक्यासाठी भोक पाडणे, जुनी कॉइल उकलून नवी गुंडाळणे: येथून परतीची वाट नाही. याउलट जॅझ बेसचे सर्व नॉब आणि जॅक एकाच धातूच्या पट्टीवर असतात. पिकअपच्या तारा आणि अर्थिंगची तार सोडवली की जुनी पट्टी आतल्या वायरिंगसह सबंध बाहेर येते. तिच्या जागी नवी पट्टी, नवे पॉट, हवा तो खटका बसवता येतो. काही सांधे जातात, उरलेले सगळे शाबूत राहतात, आणि लाकडाला ओरखडाही पडत नाही.

१८/
यासोबत तीन पथ्ये पुरेशी आहेत. उकलण्यापूर्वी आतल्या प्रत्येक सांध्याचे आणि आकड्याचे स्पष्ट छायाचित्र घेणे. काढलेला एकही भाग न विकता वाद्याच्या पेटीतच ठेवणे. आणि कोणी, केव्हा, काय, कशासाठी बदलले हे लिहिलेला कागद त्याच पेटीत ठेवणे. खरखरणारा पॉट बदलण्याआधी साफ करून पाहणे हे तर ओघानेच आले. या पथ्यांचा खर्च जवळपास शून्य आहे. ती पाळली जात नाहीत ती केवळ आळसापोटी.

१९/
पेटीत कुलूपबंद राहिलेला बेस पुरावा म्हणून परिपूर्ण असेल, पण वाद्य म्हणून तो मुका आहे. आणि कोरून, भोके पाडून, जुने भाग विकून वाजता ठेवलेला बेस स्वतःविषयी काहीच सांगू शकत नाही. चांगल्या मालकाला यांतले एक निवडावे लागत नाही. वाद्य त्याने वाजवावे, गरजेप्रमाणे बदलावेही; मात्र पुढच्या माणसाला मागे जाऊन पाहता यावे, एवढी वाट मोकळी ठेवावी. साधनांचा इतिहास नेहमी अशाच कोणा अनामिक, व्यवस्थित माणसाच्या जिवावर लिहिला गेला आहे.

(समाप्त)