ती परत येते तेव्हा

मुलगी बाहेरगावाहून परत आली की आपले प्रश्न ठरलेले असतात. नीट जेवलीस ना? बरोबर कोण कोण होतं? किती ग काळवंडलीस! तिथे तिने काय पाहिलं, काय केलं, हे मात्र विचारायचं राहूनच जातं.

डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून ‘फिन पोलारिस’ हे जहाज अंटार्क्टिकाला निघालं. भारताची ती तिसरी मोहीम. तीत दोघी होत्या : नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात बी.एस्सी. केलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि कोलकात्याच्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. भारतीय मोहिमेतून त्या हिमखंडावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. अमेरिकेसारख्या देशानेही आपल्या मोहिमांत बायकांना १९६९ पर्यंत घेतलं नव्हतं. मार्च १९८४ मध्ये ही मंडळी परतली.

अशा परतीच्या जहाजावरचा दिवस म्हणजे आराम, असं आपल्याला वाटेल. तसं नसतं. चाळीस ते साठ दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात वारा अडवायला फारशी जमीनच नाही, त्यामुळे तिथला समुद्र जगात सर्वांत खवळलेला. टेबलावरचं ताट सरकू नये म्हणून खाली ओलं कापड घालायचं, सामान बांधून ठेवायचं आणि उलट्यांनी बेजार झालं तरी काम करायचं. समुद्रशास्त्रज्ञांचं काम तर वाटेतही चालूच असतं. ठरलेल्या ठिकाणी वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी वर घ्यायचं, ते गाळायचं, प्रत्येक बाटलीवर तारीख, ठिकाण, खोली लिहायची. चिठ्ठी चुकली तर सारी मेहनत पाण्यात! जहाज उत्तरेकडे सरकतं तसे अंगावरचे लोकरी कपडे उतरतात आणि महिनोन् महिने न दिसलेली काळोखी रात्र, चांदण्या पुन्हा दिसू लागतात.

त्या पाण्यात शोधायचं तरी काय? तर साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती. त्यांवर कोळंबीसारखे लहान जीव जगतात आणि त्यांच्यावर देवमासे. पृथ्वीवरचा जवळजवळ निम्मा प्राणवायू समुद्रातल्या अशा वनस्पती तयार करतात. आमच्या शहाडच्या पुलाखालून वाहणारी उल्हास नदीही कल्याणच्या खाडीतून शेवटी समुद्रालाच मिळते. मग हा विषय आपल्यापासून लांबचा कसा?

लांबचं वाटतं ते मुलीला पाठवणं. आमच्या भागात बारावी सायन्सला मुली हौसेने जातात, मार्कही चांगले आणतात. पण कॉलेजची दोन-तीन दिवसांची अभ्याससहल निघाली की घरातून उत्तर येतं, ‘तुझं तू पुस्तकातून वाच.’ भूगोल, भूशास्त्र, प्राणिशास्त्र हे काय नुसते वाचायचे विषय आहेत? भाऊ मात्र मित्रांबरोबर गोव्याला जाऊन येतो!

आईवडिलांची भीती खोटी नाही. आणि अदितीताईंच्या घरात शिक्षणाचं जे वातावरण होतं, ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हेही खरं. पण भीतीवर ‘नाही’ हे एकच औषध नसतं. बाईंना भेटा. मुक्काम कुठे, सोबत कोण, फोन कोणाचा, सगळं विचारून घ्या, आणि मग पाठवा. दोन दिवसांसाठी घर सोडलेली मुलगीच पुढे दोन महिन्यांसाठी सोडू शकते.

इस्रोच्या मंगला मणी छप्पन्नाव्या वर्षी अंटार्क्टिकाच्या ‘भारती’ तळावर गेल्या आणि ४०३ दिवस राहून डिसेंबर २०१७ मध्ये परतल्या. तेवीस जणांत त्या एकट्या बाई. म्हणजे वयाचीही सबब नको! आणि वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातर्फे निघणाऱ्या या मोहिमांत शास्त्रज्ञच जातात असं नाही. डॉक्टर लागतात, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिकही लागतात. आयटीआयमधल्या मुलींच्या कानावर हे घाला.

मैत्रिणींनो, लेक सहलीहून परतली की गरम जेवण वाढाच. पण ताटावर बसलेल्या तिला विचारा, ‘काय काय पाहिलंस, सांग बघू.’ आणि तिची वही उघडून बघा. पुढच्या वेळी परवानगी मागताना तिचा आवाज दबका नसेल.