आकाशातला डोळा आणि उत्तरेचा गर्भ

गॅव्हिन हूड यांचा 'आय इन द स्काय' (2015) हा थरारपट दूरस्थ युद्धातील नैतिक पेचाचे प्रामाणिक चित्रण म्हणून वाखाणला गेला आहे. त्यातील संयम आणि अभिनय यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि जो पेच तो मांडतो, तो दिग्दर्शकाने आधीच सोपा करून घेतलेला आहे, असे मला वाटते.

कथानक थोडक्यात असे : नैरोबीतील एका घरात दोघे आत्मघातकी हल्ल्यासाठी अंगावर स्फोटके बांधत आहेत. इंग्लंडमध्ये बसलेली कर्नल पॉवेल त्या घरावर क्षेपणास्त्र सोडू इच्छिते. ते सोडणारा वैमानिक नेव्हाडातील एका खोलीत आहे. एवढ्यात आलिया नावाची लहान मुलगी त्या घराच्या भिंतीशी रोट्या विकावयास बसते. मग निर्णय लंडनहून सिंगापूरला, तेथून बीजिंगला, असा ढकलला जातो. मुलगी दगावण्याची शक्यता 50 टक्क्यांच्या खाली दाखवता यावी म्हणून पॉवेल हाताखालच्या माणसाकडून 45 हा आकडा वदवून घेते. चित्रपटातील सर्वांत भेदक स्थळ हेच.

परंतु घरात काय चालले आहे, हे प्रेक्षकाला निःसंशय ठाऊक असते. भुंग्याएवढे यंत्र आत उडत जाते आणि स्फोटके दाखवते. उरते ती केवळ एका मुलीची आणि अनेकांची तुलना. प्रत्यक्षात पेच सुरू होतो तो त्याच्या कितीतरी आधी. 29 ऑगस्ट 2021 रोजी काबूलमध्ये अमेरिकेने एका मोटारीवर तासन्‌तास पाळत ठेवून क्षेपणास्त्र सोडले. चालक एका मदतसंस्थेचा कर्मचारी निघाला. मेलेली 10 ही माणसे निरपराध होती, त्यांत 7 मुले. 17 सप्टेंबरला अमेरिकी लष्कराने हे मान्य केले. येथे डोळा होता, तो पाहतही होता. त्याने पाहिलेल्याचा अर्थ चुकीचा लावला गेला.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. सौप्तिकपर्वात अर्जुन सोडलेले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला ते आवरता येत नाही, आणि तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. उत्तरेचा गर्भ त्याच्या दृष्टीसमोर नव्हता. धर्मवीर भारती यांनी 'अंधा युग' (1954) मध्ये हा प्रसंग अणुयुगाच्या संदर्भात आणला, हे वाचकांस सांगावयास नको. मला महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा भाग. आपल्या लोककथेत अश्वत्थामा कपाळीची भळभळती जखम घेऊन तेल मागत दारोदार हिंडतो. चित्रपटातला वैमानिक मात्र रडतो, आणि बारा तासांनी कामावर परत यावयाचे, एवढे त्याला सांगण्यात येते. खुर्सीपारसारख्या पोलाद कारखान्याच्या वस्तीत 'पाळी' या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. हत्याही पाळीने होऊ लागली म्हणजे जखम घेऊन हिंडावयास कोणास सवड राहणार?

खुर्सीपारचा उल्लेख केवळ दृष्टांतासाठी नाही. नंदिनी हे नाव येथे पूर्वी कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीमुळे परिचित होते. त्याच नंदिनीच्या धावपट्टीवरून पुढे बस्तरच्या अरण्यावर टेहळणीची मानवरहित विमाने उडवली गेली. ती शस्त्ररहित, हा भेद पुसून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु 2021 च्या एप्रिलमध्ये बिजापूर जिल्ह्यात ड्रोनमधून बाँब टाकल्याचा आरोप झाला. पोलिसांनी तो साफ नाकारला. खरे काय, याचा निवाडा येथे बसून करता येणार नाही. मात्र साहित्याच्या अभ्यासकाने एवढे तरी पाहावे, की आरोप आणि इन्कार हे दोन्ही आपल्यापर्यंत मुख्यतः हिंदी-इंग्रजीत पोचले, आणि ज्यांच्या शेताशेजारची ही गोष्ट, त्यांची भाषा गोंडी आहे.

आलियाला चित्रपटाने चेहरा दिला, खेळावयास एक कडे दिले, मुलीला चोरून शिकवणारा बाप दिला. हे सर्व दिल्यावाचून प्रेक्षकाला तिच्याविषयी काही वाटले नसते, हे दिग्दर्शक जाणतो. आणि त्याचे जाणणे मला अस्वस्थ करते. ज्यांच्याविषयी असे काही रचलेले नाही, त्यांचे आम्ही काय करणार? तौलनिक साहित्याचे विभाग युद्धपटांवर परिसंवाद भरवतात, ते भरवावेत. पण बस्तरमधील माणसांनी आपल्यावर घिरट्या घालणाऱ्या यंत्राला गोंडीत कोणते नाव दिले, त्याविषयी काय सांगितले, हे मूळ भाषेत टिपून घेऊन पाठ म्हणून संपादित करण्याचे कामही याच विभागांचे आहे, आणि सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच ते करता येईल.