रिबेरोंचा वारसा: गोळी, कायदा आणि अपुरी सुधारणा

मार्च २०२१ मध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांच्या पत्राने महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरील आरोपांची चौकशी कोणी करावी, असा प्रश्न उभा राहताच शरद पवार यांनी जे नाव सुचवले ते ज्युलिओ रिबेरो यांचे होते. त्या वेळी नव्वदी ओलांडलेल्या रिबेरो यांनी ही जबाबदारी घेण्यास नकार दिला. मात्र निवृत्तीला तीन दशके उलटल्यावरही संकटात सापडलेल्या सत्तेला विश्वासार्हतेसाठी याच माणसाची आठवण व्हावी, ही बाब जेवढी त्यांच्या गौरवाची, तेवढीच आपल्या पोलीस यंत्रणेच्या दारिद्र्याची निदर्शक आहे.

मूळ गोव्याच्या कुटुंबात, पण मुंबईत १९२९ साली जन्मलेले रिबेरो १९५३ मध्ये भारतीय पोलीस सेवेत दाखल झाले. १९८२ मध्ये ते मुंबईचे आयुक्त झाले, तेव्हा गिरणी संप पेटलेला होता आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला खुद्द पोलीस शिपायांनीच बंड पुकारले. लष्कर बोलवावे लागले, शिपायांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली, अनेकांना नोकरी गमवावी लागली. शिस्त पुन्हा प्रस्थापित झाली. पण शिपायांच्या ज्या गाऱ्हाण्यांतून हा उद्रेक झाला, त्यांपैकी कामाचे तास आणि पोलीस वसाहतींची दुरवस्था आजही चर्चेत आहेतच. आपले ऐकून घेणारे कोणीच नाही, असे ज्या शिपायाला वाटते, तो नागरिकाचे कितपत ऐकून घेईल, हा प्रश्न त्या बंडाने विचारला होता. त्याचे उत्तर केवळ शिस्तीत नव्हते.

१९८५ मध्ये दंगलग्रस्त गुजरातेत आणि १९८६ मध्ये दहशतवादाने होरपळणाऱ्या पंजाबात त्यांना पोलीस महासंचालक म्हणून धाडण्यात आले. पंजाबातील कारकिर्दीशी ‘गोळीला गोळीने उत्तर’ हे शब्द कायमचे चिकटले. पुढे त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षकही तेच झाले. ३ ऑक्टोबर १९८६ रोजी जालंधरमध्ये पोलिसी गणवेशात आलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळीबार केला. त्यात ते आणि त्यांच्या पत्नी जखमी झाल्या. १९९१ मध्ये ते रुमानियात भारताचे राजदूत असताना बुखारेस्ट येथेही त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्यास कोणालाही जागा नाही. १९८७ चा पद्मभूषण हा त्या धैर्याचाच सन्मान होता.

वाद आहे तो धोरणाबद्दल. मानवाधिकार संघटनांचा आक्षेप असा की, वरिष्ठांच्या तोंडी शोभणारी घोषणा ठाण्यापर्यंत झिरपते, तेव्हा तिचा अर्थ बदलतो. चकमक आणि हत्या यांतील रेषा तिथे पुसट होते. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात एकट्या अमृतसर जिल्ह्यात बेकायदा अंत्यसंस्कार झालेल्या २,०९७ मृतदेहांची नोंद झाली. हा हिशेब १९८४ ते १९९४ या दशकाचा आहे आणि त्यातील मोठा काळ रिबेरोंच्या नंतरचा आहे. म्हणून त्याचे ओझे एकाच माणसाच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तरीही त्या दशकाच्या भाषेला त्यांच्या काळात धार आली, हे नाकारता येत नाही. शिवाय ते १९८८ मध्ये महासंचालकपदावरून दूर झाल्यानंतरही रक्तपात वाढतच गेला आणि १९९१ मध्ये त्याने शिखर गाठले. दहशतवादी ज्या समाजातून येतात त्या समाजाचे मन जिंकल्याशिवाय दहशतवाद संपत नाही, अशी मांडणी स्वतः रिबेरो पुढे सातत्याने करत राहिले. या मांडणीतच जुन्या घोषणेची मर्यादा दडलेली आहे.

निवृत्तीनंतरचे रिबेरो हे या कथेतील अधिक महत्त्वाचे पर्व. १९९२-९३ च्या दंगलींनी मुंबई दुभंगली, तेव्हा पोलीस आणि वस्त्या यांच्यात संवादाचा पूल बांधणाऱ्या मोहल्ला समित्यांच्या कामात ते उतरले. प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्या सुनावणीदरम्यान १९९८ मध्ये रिबेरो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. धर्मवीर यांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या धूळ खात पडलेल्या शिफारशींना तिने पुन्हा वाचा फोडली. मात्र पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य आयोगाचे स्वरूप तिने सल्लागाराचे ठेवले, आणि यावरही टीका झाली. सल्ला मानणे सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर सोडले, तर सुधारणा कशी होणार? २२ सप्टेंबर २००६ च्या निकालात न्यायालय एक पाऊल पुढे गेले. राज्य सुरक्षा आयोगाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, महासंचालकांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा, तपास आणि कायदा-सुव्यवस्था या शाखा वेगळ्या कराव्यात, तक्रार प्राधिकरणे स्थापावीत, असे निर्देश त्याने दिले.

राज्यांनी या निर्देशांचे काय केले? महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली खरी. पण लोकहित आणि प्रशासकीय निकड यांच्या नावाखाली मुदतपूर्व बदलीची वाटही त्याच कायद्यात राखून ठेवली. दार बंद केले आणि खिडकी उघडी ठेवली! २०२१ चे प्रकरण बदल्या, नेमणुका आणि वसुली यांच्या आरोपांभोवतीच फिरत होते, हा योगायोग नव्हे.

रिबेरोंना देव्हाऱ्यात बसवणे सोपे आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणेही. दोन्हींतून मूळ प्रश्न निसटतो. बंदुकीची भाषा बोलणारा अधिकारी आणि पोलिसांना कायद्याच्या चौकटीत बांधू पाहणारा सुधारक ही एकाच माणसाची दोन रूपे होती. राज्यकर्त्यांनी पहिल्या रूपाला पदके दिली आणि दुसऱ्याच्या अहवालाला कपाट दाखवले. खंबीर अधिकाऱ्याची गरज संस्था दुबळ्या असतात तिथेच वारंवार भासते आणि संस्था बळकट करणे सत्तेला सोयीचे नसते. नागरिकाला ठाण्याची पायरी चढताना कोणा रिबेरोच्या सचोटीची आठवण काढावी लागू नये, एवढे साधले तरच त्यांच्या वारशाचे चीज झाले असे म्हणता येईल.